मुखेडात म्युऑनचा सत्कार

सुट्टी संपली की आमच्या नाशिकच्या स्टाफरूममध्ये एकच विषय असतो, कोण कुठे जाऊन आलं. कुणी मनाली, कुणी केरळ. एक सर तर बालीला जाऊन आले आणि मनाने अजून तिथेच आहेत. मी सांगितलं, नांदेड, मुखेड आणि लातूर. शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" अहो, ठीक आहे सगळं! म्युऑन दाखवायला गेले होते. हे ऐकून तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तेव्हाच ठरवलं, एकदा सविस्तर लिहून टाकावं, म्हणजे दर वेळी तोंडाची वाफ दवडायला नको.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, आमची सुट्टी जूनअखेरपर्यंत असते. माझी मामेबहीण शकू लातूरला असते. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांची डाळमिल आहे. त्यांची एकुलती एक मुलगी मयूरी. तिने डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा दिली, जमलं नाही. मग वर्षभर लातूरच्या एका क्लासमध्ये रिपीटर बॅच केली, तरी जमलं नाही. जून संपत आला तेव्हा शकूचा फोन आला.

"अगं, पोरगी जेवत न्हाई, बोलत न्हाई. भिंतीकडं बघत बसती. विचारलं तर मनती, मला फिजिक्स शिकायचंय, ते कणांचं. आन् हे मनतेत, अजून एक वर्ष बॅच कर. सोमवारी नाव घालून येणार हायत."

मी तडक दाजींना फोन लावला. दाजी आणि मी गेली पंचवीसएक वर्षं एकमेकांची टिंगल करत आलोय, त्यामुळे बोलायला आडपडदा नाही.

"मेव्हणीबाई, कण मंजे काय असतंय? तुमी बगितलाव का कवा?"

"अहो, आत्ता तुमच्या अंगातून चाललेत, म्युऑन म्हणतात त्यांना! नुसत्या तळहातातून सेकंदाला एखादा आरपार जातो."

"मंग दाखवा की. सँपल बगितल्याबिगर मी तूर घेत न्हाई, पोरीचा जल्म कसा देऊ? डोळ्यानं एक कण दाखवा, पोरगी तुमच्या फिजिक्सला. न्हाई दिसला तर सोमवारी बॅच."

"दाखवते," मी म्हणाले. माझ्या तोंडाला कुणीतरी कुलूप लावायला हवं होतं.

माझ्याकडे एक ढगपेटी आहे, माशांच्या काचपेटीची केलेली. वर स्पिरिटमध्ये भिजवलेला लोकरीचा जाड नमदा, तळाला काळा पत्रा, पत्र्याखाली ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. स्पिरिटची वाफ खाली येता येता इतकी गार होते की थेंब व्हायला तिला नुसतं निमित्त हवं असतं. विद्युतभार असलेला कण त्यातून गेला की त्याच्या वाटेवर बारीक थेंबांची पांढरी रेघ उमटते आणि बघता बघता विरते. बस, एवढंच. पण पहिल्यांदा बघितलं की माणूस जागचा हलत नाही.

शुक्रवार, नांदेड

रेल्वेबद्दल काही लिहीत नाही. पेटी मांडीवर होती आणि डब्यातल्या प्रत्येकाने मासे कुठे आहेत ते विचारलं.

नांदेडला उतरून ड्राय आइसची चौकशी केली. ज्याला विचारावं तो एकच नाव सांगत होता, जावेदभाई. दुकान शोधत गेले तर बाहेर सोनेरी सिंहासनं, थर्मोकोलचे हत्ती आणि एक पंख तुटलेली परी. जावेदभाई लग्नांचे इव्हेंट करतात. नवरी मांडवात येताना पायाशी जो पांढरा धूर सोडतात ना, तो ड्राय आइसचा. लग्नसराई संपत आली होती, पण रविवारी लातूरला एक लग्न बाकी होतं, त्यासाठी हैदराबादहून माल आलेला होता. माझं नशीबच म्हणायचं.

"एन्ट्री कोणाची हाय मॅडम? नवरीची का दोघांची?"

"म्युऑनची."

मग मी त्यांना सगळं समजावलं. जावेदभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ज्याची एन्ट्री दिसतच न्हाई, त्याला धूर कायकू मॅडम?"

"धुरातच दिसतो तो. तुमची नवरी धुरात लपते, आमचा धुरात उघडा पडतो."

हे त्यांना पटलं. त्यांनी माझा वेगळा माल कागदात गुंडाळून मोठ्या थर्मोकोलच्या खोक्यात नवरीच्या मालाशेजारी ठेवला आणि खोकं दुसऱ्याच्या हाती देत नसतो म्हणाले. लातूरला जायचंच आहे, तर माझ्या टेम्पोत बसा, मुखेडमार्गे सोडतो. मुखेड का, तर दाजींचे चुलतभाऊ तात्या तिथल्या एका शाळेचे अध्यक्ष आहेत, आणि दाजींनी मला न विचारता तिथे कार्यक्रम ठरवून टाकला होता. 'आदी तात्याला दिसू द्या, मंग मी बगतो,' असा त्यांचा हिशेब.

शनिवार, मुखेड

सकाळी जावेदभाईंनी खिचडी-खट्टा खायला नेलं. मसूर घातलेली पिवळी खिचडी आणि वर चिंच-तिळाचं आंबट सार. आमच्याकडे सकाळी मिसळ खाऊन माणूस जागा होतो. हे खाऊन परत निजावंसं वाटतं. जावेदभाई मात्र खाता खाता प्रश्न विचारत होते. म्युऑन बनतो कुठं? मी सांगितलं, लांब कुठेतरी तारे फुटतात, तिथून प्रोटॉन सुसाट येतात आणि आपल्या हवेच्या वरच्या थरात अणूंवर आदळतात. त्या धडकेत पायॉन नावाचे कण जन्मतात. ते इतके अल्पायुषी की जन्मले न जन्मले तोच मोडतात आणि त्यांचे म्युऑन होतात. म्युऑनचं आयुष्य सेकंदाच्या दहा लाख भागांतले दोन भाग. खरं तर तो वाटेतच खपायला हवा. पण त्याचा वेग इतका प्रचंड असतो की आपल्या हिशेबाने त्याचं घड्याळ सावकाश चालतं, आणि तो मुखेडपर्यंत पोचतो.

"समजलं," जावेदभाई म्हणाले. "आमच्या बारातीसारखं. त्यांच्या घड्याळात साडेबाराच वाजलेले असतेत, मांडवात तीन झालेले असतेत."

मी वर्गात सापेक्षता यापेक्षा वाईट शिकवलेली आहे.

कंधारवरून गेलो. दोन्हीकडे काळी रानं, मधेच बालाघाटाचे दगडी उंचवटे आणि त्यावर शेळ्या. मुखेडच्या शाळेच्या फाटकावर मला फ्लेक्स दिसला आणि मी टेम्पोतच कपाळाला हात लावला. 'विश्वातील अतिसूक्ष्म कणांचे मुखेड नगरीत सहर्ष स्वागत!' खाली भला मोठा अणू. अणूच्या केंद्रात तात्यांचा फोटो, फेटा बांधलेला. भोवतीच्या कक्षांमध्ये संस्थेचे सदस्य फिरत होते. अगदी बाहेरच्या कक्षेत, निसटायच्या बेतात, मी.

तात्या मनाने भला माणूस. त्यांनी हात जोडून स्वागत केलं. मी त्यांना बजावून सांगितलं, "तात्या, बर्फ एकदा पेटीखाली घातला की उडायला लागतो. लगेच बघायला हवं."

"हाव हाव, लगेच. फक्त छोटासा सत्कार."

आमच्याकडे नाशिकला सत्कार म्हणजे एक गुलाब आणि नमस्कार. इथे आधी मला फेटा, मग हार, शाल, श्रीफळ. मग जावेदभाईंचा, ते नको नको म्हणत असताना. मग मांडव देणाऱ्यांचा, खुर्च्या देणाऱ्यांचा, ज्यांच्या घरून टेबल आणलं होतं त्यांचा, आणि ते टेबल उचलून आणणाऱ्या दोघांचा. प्रत्येकाबद्दल चार शब्द. पेटीखालून पांढरी वाफ वाहत होती आणि माझा जीव वरखाली होत होता. संपलं एकदाचं म्हणून मी उठले, तर तात्यांनी हात केला. ताटात आणखी एक शाल होती.

"कणांचा राहिला की."

मी हसले. बाकी कुणी हसलं नाही.

"मॅडम, तारे फुटतेत तिथून पाव्हणे येऊन राहिले, तुमीच सांगितलं जावेदभाईला. आन् त्यायला रिकाम्या हातानं वापस पाठवायचं? मुखेडात असं व्हत न्हाई."

आणि त्यांनी ती शाल, टाळ्यांच्या कडकडाटात, माझ्या पेटीवर पांघरली. वर नारळ ठेवला. मग त्या नारळासह फोटो. शालीतून म्युऑन बेलाशक आरपार जात असणार. दिसत मात्र कुणालाच नव्हते, कारण पेटीवर शाल होती!

शाल काढून मी घाईघाईने बोलायला उभी राहिले. पेटी आता ऐन रंगात आली होती, रेघांमागून रेघा. मी म्हणाले, "मुलांनो, आत्ता या क्षणी इथे शेकडो म्युऑन येतायत, आणि काही तर इथेच, आपल्या आजूबाजूला मरतायत." इथेच माझं चुकलं. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी मान डोलावली आणि सरांनी माझ्या हातून माईक घेतला. "कार्यक्रमस्थळी जे जे म्युऑन दिवंगत झाले, त्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली. सावधान!"

अख्खी शाळा उभी राहिली. अख्ख्या शाळेने मान खाली घातली. पेटीत रेघांची झुंबड उडाली होती आणि पटांगणात एकही डोळा तिकडे नव्हता. मीही मान खाली घालून उभी होते, एक डोळा किलकिला करून. जावेदभाईंनी तर डोळे मिटून दुआ मागितली. दोन मिनिटं एवढी मोठी असतात हे मला माहीत नव्हतं. ती संपली तेव्हा वाफ पातळ झाली होती. पुढच्या रांगेतल्या मुलींना शेवटच्या चारदोन रेघा दिसल्या आणि त्या किंचाळल्या, "दिसलं! मॅडम, दिसलं!" तात्या तेव्हा वार्ताहराला फोटो देत होते. ते वळेपर्यंत बर्फ संपला होता.

"एकदा परत बोलवा की त्यायला," तात्या म्हणाले. "चहा न घेता कसे काय गेले?"

संध्याकाळी लातूरला पोचले तर दाजी दारातच. "तात्याचा फोन आलता. दोन घंटे बसलो मनला, धूर दिसला मनला."

आत मयूरी होती. मी तिला दोन वर्षांनी बघत होते. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. "मावशी," म्हणाली आणि पाया पडून कोपऱ्यात जाऊन बसली. शकूने भाजलेल्या डाळी-धान्यांच्या पिठाची येसर आमटी केली होती, भाकरी, ठेचा, वर तूप. मयूरीने भाकरीचा एक तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. शकू माझ्याकडे बघत राहिली.

काहीतरी बोलायचं म्हणून मी दाजींना म्हणाले, "तुमच्या गिरणीत तूर भरडली की दोन डाळी होतात. प्रोटॉनच्या आत क्वार्क असतात. एक ओढून बाहेर काढायला जा, त्या ओढाताणीच्या ऊर्जेतून नवा क्वार्क आणि त्याचा उलटा जोडीदार तयार होतो. एकटा क्वार्क कधी हाती लागतच नाही."

दाजींचा घास हातात राहिला. "मंजे भरडायला गेलं की माल वाढतोय? ही गिरणी कुठं भेटंल?"

"आन् पप्पा," कोपऱ्यातून आवाज आला, "कधी कधी चार चार, पाच पाच क्वार्क एका जागी येतेत. क्षणभरच. लगेच मोडतेत. पण येतेत. ते कसे बांधलेले असतेत ते अजून कुणालाच धड ठाऊक न्हाई."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती लाजली. दाजी म्हणाले, "न्हाई टिकत त्या मालाचं काय करायचं, बाई?" आणि उठून हात धुवायला गेले.

रविवार, लातूर

माझा बर्फ मुखेडातच सत्कारात गेला होता. उरला होता तो नवरीचा. सकाळी मी जावेदभाईंना सगळं खरं सांगितलं, पोरीचं, सोमवारचं. त्यांनी डोक्यावरची टोपी मागे सरकवली आणि खोकं उघडलं. "नवरी जरा कमी धुरात येईल. देखणी हाय, चलतंय."

डाळमिलच्या ऑफिसात टेबल लावलं. यंत्रं रविवारची बंद, तरी प्रत्येक गोष्टीवर डाळीची पिवळी भुकटी. दाजी गादीवर बसले, शकू धपाट्यांचं ताट घेऊन आली, मयूरीने बॅटरी धरली. थोड्या वेळाने वाफ स्थिरावली आणि पहिली रेघ आली. लांब, सरळ, बारीक.

"दाजी, दिसली?"

"दिसली."

माझा जीव भांड्यात पडला. "झालं तर मग!"

"काय झालं? ही रेघ हाय. कण कुठाय?"

"कण गेला दाजी. रेघ मागे राहिली."

"मंजे गाडी निघून गेली आन् तुमी मला धुराळा दाखवून राहिलाव. मी कण मनलो होतो, मेव्हणीबाई."

माझं डोकंच सटकलं. दोन दिवसांचा फेटा, शाल, श्रद्धांजली सगळं एकदम वर आलं. "अहो दाजी, कण कुणालाच दिसत नाही! जगात कुणीही पाहिलेला नाही! जे काही कळतं ते त्याच्या मागे राहिलेल्या खुणांवरूनच कळतं!"

"मंग फोनवर कामून मनलाव, दाखवते मनून?"

माणूस बरोबर बोलत होता. अटीप्रमाणे मी हरले होते, आणि तेही मीच माझ्या तोंडाने. उद्या ही पोरगी पुन्हा त्या भिंतीकडे बघत बसणार, आणि ते माझ्या फुशारकीमुळे. मला रडू यायचंच बाकी होतं.

मयूरीला यातलं काही ऐकूच गेलं नव्हतं. ती पेटीवर ओणवी होती, नाक काचेला लागलेलं. "मावशी, हा म्युऑन. हा बघ, आखूड अन् जाडा, हा हवेतल्या रेडॉन वायूचा. हा वाकडातिकडा चाललाय तो इलेक्ट्रॉन. जावेदचाचा, बॅटरी धरा ना, हलू नका." बॅटरी त्यांच्या हातात देऊन तिने न बघता बाजूला हात घातला, धपाटं उचललं आणि खायला लागली. एक संपलं, दुसरं घेतलं. शकूने तोंडाला पदर लावला आणि दाजींना कोपराने ढोसलं. दाजींनी वळून पाहिलं.

"अगंबाई! मावशी! मोडला! इथं मोडला!" मयूरी एवढ्याने ओरडली की जावेदभाईंच्या हातून बॅटरी पडता पडता राहिली. "सरळ आला, इथं थांबला, आन् इथनं इलेक्ट्रॉन बाहेर निघाला! मेला मावशी, माझ्या समोर मेला!"

म्युऑन पेटीतच थांबून मोडणं फार क्वचित दिसतं. इतकी वर्षं मी ही पेटी चालवते, मला एकदाही दिसलेलं नाही. आणि तेव्हाही दिसलं नाही, कारण मी दाजींशी भांडत होते. बघेपर्यंत तिथे काहीच नव्हतं.

"खरंच दिसलं तुला?" दाजींनी विचारलं.

"खरंच पप्पा!" तिचे डोळे लकाकत होते, हनुवटीला धपाट्याचं पीठ लागलेलं. "मला अजून बघायचंय."

दाजी पेटीकडे बघतच नव्हते. ते पोरीकडे बघत होते. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि तिच्या उजव्या हातावर टाकला. बैलबाजारातली ही जुनी चाल, काही म्हातारे अजून पाळतात. रुमालाखाली दोघांचे हात, बोटं दाबून भाव ठरवायचा. शेजारच्याला काही म्हणजे काही कळत नाही. मयूरी लहानपणापासून बापासोबत बाजारात हिंडलेली, तिला सगळी बोटं पाठ.

रुमाल हलला. मयूरीने मान नकारार्थी हलवली. रुमाल पुन्हा हलला. तिने ओठ चावला, विचार केला, आणि स्वतः जोरात काहीतरी दाबलं. दाजींनी भुवया उंचावल्या. "लई मागून राहिलीस," ते म्हणाले. ती ढिम्म हलली नाही. मग दाजींचा खांदा सैल पडला आणि तिचा चेहरा फुलला. ती हसायला लागली, हसता हसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय ठरलं गं?" मी विचारलं. "रुमालाखालचं बाहेर सांगत नसतेत मावशी," म्हणाली आणि लगेच पेटीकडे वळली, कारण बर्फ थोडाच उरला होता.

दाजींनी फोन लावला. क्लासवाल्यांनाच. "नमस्कार सर. ते मयूरीचं नाव उद्या घालायचं होतं ना? न्हाई घालायचं. न्हाई न्हाई, दुसऱ्या क्लासला न्हाई. कुठंच न्हाई." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दाजींनी मान वळवली. मयूरी तिसरं धपाटं तोंडात धरून दोन्ही हातांनी काच पुसत होती आणि जावेदभाईंवर ओरडत होती.

"आजारी?" दाजी म्हणाले. "न्हाई सर. बरी हाय पोरगी. आज बरी हाय."